शेजारच्या सीटचा ब्रेक

रविवारचं जेवण अर्ध्यावर आलं असताना मास्तर म्हणाले, की मी गाडी घेतोय. लेक आणि जावई दोघंही खूश झाले. जावयाने तर चार दारांच्या, मोठ्या डिकीच्या दोन-तीन गाड्या सुचवूनही टाकल्या. मास्तरांनी त्याला मनसोक्त बोलू दिलं आणि मग सांगितलं, की आपल्याला हवी ती गाडी दोन दारांची आहे, तिच्यात दोनच माणसं बसतात आणि तिचा टप उघडतो. जावयाचा घास हातातच राहिला. लेकीने बापाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि घरात काहीतरी मोठं आजारपण आहे नि ते आपल्यापासून लपवलं जातंय अशी तिची खात्रीच झाली. मास्तरांच्या बायकोने पाण्याचा जग पुढे सरकवला आणि एवढंच विचारलं, "रंग कुठला?"

हादरण्यासारखंच होतं ते. मास्तर म्हणजे बुटाला तीन-तीनदा तळ मारून घेणारा माणूस. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवल्याशिवाय ते मोरीतून बाहेर येत नसत. रेनकोट फाटला तर त्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावून त्यांनी तो आणखी पाच पावसाळे चालवला, आणि ठिगळ मूळ कापडापेक्षा कसं टिकलं हे पाहुण्यांना उलटून दाखवलं. असा माणूस उघड्या टपाची, पळायची, लाल गाडी म्हणतो म्हणजे डोकं ठिकाणावर आहे का, असं लेकीने स्वयंपाकघरात आईला कुजबुजून विचारलंसुद्धा. आईने भांडी विसळता विसळता सांगितलं, की आहे ठिकाणावर, आत्ताच आलंय.

हे मास्तर शाळेतले मास्तर नव्हेत. ते एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे, आणि तीसेक वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसणाऱ्याच्या. मास्तरांची सगळी विद्या त्या दुसऱ्या ब्रेकात होती. ते कधी ओरडले नाहीत, कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. समोर कुत्रं आलं, वळण जवळ आलं, की चेहऱ्यावरची रेषही न हलवता पाय दाबायचे. गाडी अलगद थांबायची आणि शिकणाऱ्याला वाटायचं, वा, आपणच थांबवली. कितीतरी माणसं त्याच समजुतीत लायसन्स घेऊन बाहेर पडली. पुढे त्यांच्या गाड्यांचं काय झालं हे विचारायला मास्तर कधी गेले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या, म्हणजे स्कूलच्या, गाडीला इतक्या वर्षांत साधा ओरखडा नव्हता, आणि हे ते इतक्यांदा सांगत की त्यांनी वाक्य सुरू केलं की घरातलं कुणीतरी ते पुरं करायचं.

ओरखडा नव्हता, पण शिट्टी होती. गाडीच्या टपावर स्कूलच्या नावाची पत्र्याची पाटी बसवलेली होती आणि तिच्या बोल्टांच्या जादा भोकांतून वारा शिरायचा. जरा वेग आला की डोक्यावर शिट्टी सुरू. मास्तरांनी त्या भोकांत कापूस कोंबून पाहिला, च्युइंगगम लावून पाहिलं, मालकाला सांगून पाहिलं. मालक म्हणाला, पाटी आहे म्हणून पगार आहे. मग मास्तर त्या शिट्टीखाली बसले, सकाळ-संध्याकाळ, उन्हाळा-हिवाळा, आणि कधीतरी एका सिग्नलला त्यांच्या शेजारी एक उघडी गाडी येऊन थांबली. आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर काहीच नव्हतं. पाटी नाही, टप नाही, नुसतं आभाळ. मास्तरांना त्या दिवशी ब्रेक दाबायला अर्धा क्षण उशीर झाला, आणि तेव्हापासून ते खूळ त्यांच्या मनात ठाण मांडून बसलं.

बायकोला त्यांनी गाडी शिकवायला घेतलं होतं, लग्नानंतर दोन-चार वर्षांनी. पाण्याच्या टाकीच्या रस्त्यावर. प्रत्येक वळणाला मास्तरांचा पाय, प्रत्येक सायकलवाल्याला मास्तरांचा पाय. शेवटी एका झाडाखाली तिने गाडी बंद केली, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ब्रेक तुम्हीच दाबताय. मग ही गाडी मी चालवतेय कुठे?" आणि घरी चालत गेली. मास्तर ही गोष्ट चारचौघांत रंगवून सांगायचे, जगाला शिकवलं पण घरात हात टेकले म्हणून. सगळे हसायचे. तीही हसायची.

ती एका लाँड्रीत कामाला होती. इस्पितळांच्या आणि लॉजांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. आधी ती घड्या घालायच्या टेबलाशी होती, पुढे बढती मिळाली म्हणाली. त्या लाँड्रीची एक निळी व्हॅन होती, आणि तिच्यावर मास्तर फिदा होते. इस्पितळाच्या मागच्या बोळात ती व्हॅन उलटी शिरायची, एका दमात, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून. समोरच्या काचेवर ऊन चमकायचं, त्यामुळे आत कोण आहे ते दिसायचं नाही. मास्तर मुद्दाम गाडी बोळाच्या तोंडाशी थांबवून शिकणाऱ्यांना दाखवायचे, की बघून घ्या, याला म्हणतात हात. एकदा जेवताना त्यांनी बायकोला विचारलंही होतं, की तुमचा तो ड्रायव्हर कोण? आहे आमच्याकडे एक जुनी बाई, असं ती म्हणाली. बाई, म्हणून मास्तरांनी भुवया वर केल्या, म्हणजे आमच्याच स्कूलची असणार असा शेरा मारला, आणि विषय भाजीच्या मिठावर गेला.

निवृत्तीच्या दिवशी मालकाने पाकीट दिलं. पाकिटातलं आणि बँकेतलं मिळून नव्या उघड्या गाडीची फार तर चाकं आली असती. त्यामुळे शोध जुन्या गाडीचा, आणि तोही जुन्यातल्या जुन्या. एका गाडीच्या सीटवर शेवाळ उगवलेलं होतं, आणि विकणारा म्हणाला की त्याने बसायला मऊ लागतं. दुसरीचा टप उघडला तो परत मिटेचना. मास्तर आणि विकणारा, दोघं दोन बाजूंनी लोंबकळले तरी नाही. तिसरीचा सौदा जवळजवळ झाला होता, पण मास्तरांनी पायाखालची सतरंजी उचलली तर खाली पत्राच नव्हता, रस्ता दिसत होता. उघडी गाडी वरून उघडी असावी, खालून नव्हे, असं म्हणून ते घरी आले. जावयाला वाटलं, उतरलं खूळ. त्याने पुन्हा मोठ्या डिकीचा विषय काढला.

मग दातांच्या डॉक्टरांची गाडी निघाली. डॉक्टर म्हातारे झाले होते आणि गुडघ्यांमुळे त्यांना एवढ्या खाली बसता-उठता येईना. जन्मभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय, त्यामुळे प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. गाडी बावीस वर्षांची होती. लाल रंग उन्हाने उतरून विटकरीकडे झुकलेला. टप काळ्या कापडाचा, मागची प्लास्टिकची काच चहासारखी पिवळी. पण सतरंजी कोरडी होती, दारांच्या खालचा पत्रा ठोकल्यावर भरीव वाजला, आणि काचेजवळच्या दोन कड्या सोडून डॉक्टरांनी एका हाताने टप मागे लोटला तर तो गुमान घडी होऊन सीटांमागे बसला. किंमतही आटोक्यातली होती, कारण दोन माणसांची गाडी त्या गावात कुणालाच नको होती. मास्तरांनी वर पाहिलं. आभाळ होतं. मग ते उगीच टायर दाबून बघू लागले.

"एक चक्कर मारून या," डॉक्टर म्हणाले. "बाईसाहेबांनाही घेऊन जा. वारा लागेल, दुसरं काय."

मास्तर गाडीला वळसा घालून गेले, दार उघडलं, ऐटीत बसले आणि पट्टा लावला. डॉक्टर बघत राहिले. मास्तरांची बायकोही, पर्स दोन्ही हातांत धरून, बघत राहिली. मग डॉक्टरांनी त्या दिवसातला पहिला असा प्रश्न विचारला ज्याच्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली: "चालवणार कोण?"

मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते. पुढ्यात स्टिअरिंग नव्हतं. त्यांना हसू आलं, मग लाज वाटली, मग ते काहीतरी पुटपुटत उतरले आणि पलीकडे गेले. बायको त्यांच्या जागी बसली.

खरा हादरा पुढेच होता. गाडी सुरू झाली आणि मेली. पुन्हा सुरू झाली, गचका देऊन पुन्हा मेली. तिसऱ्यांदा निघाली ती डॉक्टरांच्या फाटकाच्या खांबाला जवळजवळ चाटून. मास्तर रस्त्यावर आले, तर रस्ता जागेवरच नव्हता. फुटपाथ नको तिथे होता, मधली पांढरी रेघ नको तिथे होती. तीसेक वर्षं ते फुटपाथच्या बाजूला बसले होते. फुटपाथची कड आपल्या खांद्यापासून जेवढी दिसायला हवी तेवढी दिसली की गाडी बरोबर, एवढंच त्यांच्या डोळ्यांना ठाऊक. आता ते दुसऱ्या सीटवर बसूनही तीच कड तेवढ्याच अंतरावर आणायला बघत होते, आणि अख्खी गाडी, शेजारच्या बायकोसकट, फुटपाथवर चढायला निघाली होती. कुणाचातरी कचऱ्याचा प्लास्टिकचा डबा धाडकन आडवा झाला. मास्तरांनी ब्रेक दाबला, नुसता ब्रेक, कारण क्लच नावाची वस्तू त्यांच्या पायाला माहीतच नव्हती. गाडी आचका देऊन बंद पडली.

आणि तेव्हा, इंजिन बंद, डोक्यावर आभाळ, डब्यातून सांडलेली केळ्याची सालं समोर, अशा अवस्थेत मास्तरांना कळलं की आपल्याला गाडी चालवता येत नाही. येत होती कधीतरी. पण सकाळचा पहिला विद्यार्थी त्यांना दारातून घेऊन जायचा आणि संध्याकाळचा शेवटचा दारात आणून सोडायचा. मालकाचं पेट्रोल वाचायचं आणि मास्तरांना साहेबासारखं वाटायचं. रविवारी गाडी मालकाकडे. गाडी आपण स्वतः शेवटची कधी चालवली हे त्यांना आठवेना. खूप आठवून पाहिलं, तरी आठवेना. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती काय असते ते त्या माणसाला साठीच्या घरात, बसल्या जागी समजलं.

"राहू दे," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "नको घ्यायला. मला नाही जमणार."

बायकोने आधी खाली उतरून डबा उभा केला, सालं आत टाकली, हात पुसले. मग ती त्यांच्या दाराशी आली.

"सरका तिकडे," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, ती आपल्याला उतरवून चालत घरी नेणार. ते सरकले. ती बसली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, आणि गाडी निघाली. गचका नाही, आवाज नाही. कोपऱ्यावर तिने वेग कमी केला, गिअर टाकला, वळली. पहिलं वाक्य सुचायला मास्तरांना पुढचा चौक लागला, आणि सुचलं तेही काय, तर लायसन्स लागतं. तिने सांगितलं, पर्समध्ये आहे, मधल्या कप्प्यात. खरोखरच होतं. फोटोत ती बरीच तरुण होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं, एकेका वळणागणिक, आणि प्रत्येक वेळी मास्तरांना वाटायचं की आता याहून मोठा धक्का नसणार. निळी व्हॅन तीच चालवायची. बढती म्हणजे ही व्हॅनच. लेकीला माहीत होतं. जावयालाही माहीत होतं. आणि शिकली कुठे, तर बाजाराच्या चौकातल्या उतावळ्याकडे. तो दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस. मास्तरांनीच त्याचं नाव उतावळा ठेवलं होतं, कारण तो म्हणे पोरांना तिसऱ्या दिवशी भर रहदारीत सोडतो. मास्तरांना व्हॅनपेक्षा हे जास्त लागलं. त्यांनी विचारलं, उतावळ्याने तुला काय असं शिकवलं. ती म्हणाली, काही नाही, तो शेजारी बसून शेंगदाणे खायचा.

"मला सांगितलं का नाहीस?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"सांगितलं असतं तर तुम्ही व्हॅनमध्ये येऊन बसला असतात."

मास्तर समोर बघत बसले. एक सायकलवाला आडवा आला. तिने वेळेवर वेग कमी केला, अगदी पाहिजे तेवढा, आणि तरीही मास्तरांचा पाय सतरंजीवर जिवाच्या आकांताने दाबलेला होता. पुढे एक म्हातारी रस्ता ओलांडत होती, पुन्हा पाय. सिग्नल, पुन्हा पाय. तिथे ब्रेक नव्हता, नुसती डॉक्टरांची राखाडी सतरंजी होती, आणि मास्तर ती तुडवत होते. तिच्या ते लक्षात आलं होतं. शेवटी मास्तरांनाच शरम वाटून त्यांनी पाय सीटखाली घेतला. दोन वळणं गेल्यावर तो आपोआप पुन्हा पुढे आला.

डॉक्टरांच्या फाटकाशी परत आल्यावर मास्तर खाली मान घालून उतरले. किल्ली परत करायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात बायको डॉक्टरांना म्हणाली की गाडी आम्ही घेतोय, कागद करा. मास्तरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, की चालवायची कुणी, तू? मग माझं काय काम? तेव्हा ती जे बोलली ते त्यांनी तिच्या तोंडून इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "व्हॅनमध्ये माझ्या शेजारी कुणी नसतं. चादरी असतात. मला कंटाळा आलाय चादरींचा."

घराकडे येताना तीच चालवत होती. पण अर्ध्या वाटेवर तिने गाडी मुख्य रस्त्यावरून आत घेतली, बंद पडलेल्या गोदामांच्या मागे. तिथला रस्ता सरळ, लांब आणि सुट्टीच्या दिवशी अगदी निर्मनुष्य. एका बाजूला फुटपाथची उंच दगडी कड, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या भिंती. तिने इंजिन बंद केलं, वळसा घालून आली आणि मास्तरांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. मास्तरांनी नको नको म्हणून पाहिलं. आज नको, पुढच्या रविवारी बघू. गाडी आता आपली आहे, काही झालं तर. ती तशीच उभी राहिली. शेवटी उतरावंच लागलं.

दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा गाडी निघाली. दुसरा गिअर पडला. वारा कपाळाला लागला, आणि एक क्षणभर, अगदी एकच क्षण, मास्तरांना जाणवलं की शिट्टी वाजत नाहीये. तो आनंद अंगात नीट मुरायच्या आत त्यांचे डोळे जुन्या सवयीने फुटपाथची कड शोधायला गेले, आणि हात डोळ्यांमागून गेले. गाडी कडेकडे ओढली जाऊ लागली. मास्तरांना ते कळत होतं. आपण चुकतोय हे कळत होतं, पण हात ऐकत नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. दोघांच्या मधे हँडब्रेक होता, तिच्या हातापासून चार बोटांवर. ती समोर बघत होती. दगडी कड जवळ आली, आणखी जवळ आली. मास्तर वाट बघत राहिले, आत्ता ती ओढेल, आत्ता ओढेल.

चाक कडेला घासलं आणि मागोमाग दाराखालच्या पत्र्याचा करकर आवाज झाला, लांबलचक. मग मास्तरांच्याच हातांनी स्टिअरिंग फिरवलं, त्यांच्याच पायांनी क्लच शोधला आणि ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध येऊन थांबली. बंद पडली नाही.

इंजिन धडधडत होतं. मास्तरांच्या जन्मातला पहिला ओरखडा, तोही नव्या गाडीला, घेऊन तास झाला नाही तोवर. पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचाच त्यांना सगळ्यात मोठा धक्का बसला होता. दुसराच प्रश्न त्यांच्या तोंडाशी आला होता.

"हँडब्रेक तुझ्या हाताशी होता," ते म्हणाले. "तुला दिसत होतं. ओढला का नाहीस?"

"गाडी तुम्ही चालवत होतात," ती म्हणाली.

पाण्याच्या टाकीचा रस्ता मास्तरांच्या डोळ्यांपुढे आला, ते झाड आलं, आणि त्यामागून आपल्या ब्रेकवर खूश होऊन गेलेली ती सगळी माणसं आली. त्यांनी बायकोच्या हातांकडे पाहिलं. तिने ते मांडीवर एकमेकांत इतके घट्ट अडकवले होते की बोटं पांढरीफटक पडली होती. ती घाबरली होती, त्यांच्याइतकीच, कदाचित जास्तच. पण हात मांडीवरच होते.

मास्तरांनी पहिला गिअर टाकला. तिने हात तसेच ठेवले.